खालची तीन नावं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलांना नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात कधी बोललेलो नाही. अर्ध्या वाक्यावर थांबायचं आणि दुसरं काही आठवायचं, ही सवय इतकी जुनी झाली आहे की आता लिहायला बसलो तरी हात तिथंच थांबतो. म्हणून सावकाश लिहितो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

माझी मोठी बहीण भागरता गेल्या हिवाळ्यात गेली. आम्ही तिला बाई म्हणायचो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि बाई तेरा. मला तिनंच वाढवलं. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायची, मग तेंदूची पानं तोडायला जायची, आणि त्यातून मूल गावच्या वसतिगृहात माझं दप्तर, चप्पल, दिव्याचं तेल. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी सुट्टीत घरी आलो की ती मला काहीही वाचायला लावायची. साबणाचं वेष्टन, कॅलेंडर, खताच्या पोत्यावरचा मजकूर. मी वाचायचो आणि ती हातातलं काम थांबवून ऐकायची. वर शेजारणींना सांगायची, "आमचा बाबू कागदावरचं जसंच्या तसं बोलते."

जसंच्या तसं. तिचा तो विश्वास होता.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गावानं भाषणं केली. बाईनं भावाला शिकवलं आणि भावानं गावाला, असं तिघं-चौघं बोलले. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. बहिणीच्या शोकसभेत भावाला शाल! मला तेव्हा जो संताप आला तो मी दुःखात खपवला, आणि लोकांनी तो दुःख म्हणूनच घेतला. पण तो संताप होता. त्यांच्यावर थोडा, आणि माझ्यावर — किती, ते पुढे कळेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन आमचं गाव गडचिरोलीकडे गेलं, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. मी गावातच प्राथमिक शाळेवर होतो. बाई एव्हाना विधवा झाली होती. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याची अडीच एकर धानाची बांधी तिच्या नावावर होती. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेली, पाणी धरून ठेवणारी भातशेती. आमच्याकडे तिलाच शेत म्हणतात. तिच्याकडे बांधी होती, हात होते, बियाणं होतं. बैल नव्हते.

बैल नसणं म्हणजे काय, हे धान लावणाऱ्यालाच कळतं. पाऊस पडला की चिखलणी करायची, आणि चिखलणीला बैल हवेत. ज्यांचे बैल असतात ते आधी आपली बांधी करतात, मग भावकीची, मग उरलेसुरले दिवस तुमचे. बाई लोकांच्या शेतात दोन दिवस निंदायची तेव्हा एक दिवस बैलजोडी मिळायची. तोवर तिचे परे, म्हणजे धानाची रोपं, म्हातारे व्हायचे, पेऱ्याला गाठ धरायची. मग रोवणी झाली तरी धान अर्धं. दर वर्षी अर्धं. तिला दुसरं काही नको होतं. एक जोडी असली तर ती कुणाच्याही दारात उभी राहणार नव्हती.

अशा शेतकऱ्यांसाठी सरकारनं बैलजोडीचं अनुदान काढलं होतं. पूर्ण अनुदान, परत काही भरायचं नाही. बाईचा अर्ज मीच लिहिला. ती अंगठा लावून आली. ग्रामसेवकानं आणखी दोन कोऱ्या कागदांवर अंगठा घेतला. कशासाठी? "लागते बाई पुढं." तिनं मला घरी येऊन सांगितलं आणि मी म्हणालो, लागत असेल.

यादी मंजूर होऊन आली की ती ग्रामपंचायतीत लावायची आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची, असा वरचा हुकूम होता. हुकूम चांगला होता. पैसा कुणाला मिळाला ते सगळ्यांना कळलं पाहिजे, यात वाईट काय? आता तो आमच्या गावात कसा पाळला गेला ते सांगतो. ग्रामपंचायतीचं दार आत उघडायचं. ग्रामसेवकानं यादी दाराच्या आतल्या अंगाला चिकटवली. कार्यालय उघडं असलं की दार भिंतीला टेकलेलं, यादीचं तोंड भिंतीकडे. कार्यालय बंद असलं की दार लागलेलं, यादी आत, लोक बाहेर. चारी कोपरे खळीनं नीट चिकटवले होते. हुकमाचा एक शब्द मोडला नव्हता. मी आजही हे आठवून चिडतो. चोरी करायला किती कमी डोकं लागतं! एक दार पुरतं.

राहिलं वाचन. गावात कुठलाही सरकारी कागद आला की तो मास्तरनं वाचायचा, हा आमच्याकडचा रिवाज होता. ग्रामसेवकाला वाचता येत नव्हतं असं नाही. पण तो वाचायला लागला की लोक मधेच बोलायचे, हसायचे, शंका काढायचे. मी वाचलं की गप्प बसायचे. कारण मास्तर कागदावरचं जसंच्या तसं बोलतो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा ठरली होती. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सरपंच वर्गात आले. मुलांच्या पाटावर मांडी घालून बसले. यादी माझ्यापुढे ठेवली. चौदा नावं होती. प्रत्येकापुढे 'जोडी वाटप झाली' असं लिहिलेलं, प्रत्येकापुढे सही नाहीतर अंगठा.

"मास्तर, वरची अकरा वाचा. खालची तीन अजून पक्की नाई झाली."

मी खालची तीन पाहिली. एक टोलीवरचा, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरचा, गोंड शेतकरी, ज्याला गोंडीशिवाय दुसरी भाषा जेमतेम कळायची. दुसरा एक म्हातारा, आदल्या वर्षी वारलेला. त्याच्या नावापुढेही अंगठा होता. तिसरी माझी बहीण.

"याच्यात माह्या बाईचं नाव हाय," मी म्हणालो.

"मंग? मनून तं तुमाले सांगून राह्यलो. दुसऱ्याले सांगतलं असतं का?" सरपंच हसले. "पुढच्या खेपेले पयली जोडी बाईची. शब्द हाय आपला. आन तुमचं कपाट सोमवारी येऊन राह्यलं. दोन खण पुस्तकाईनं भरून."

इथं मला थांबावं लागतं आहे. कारण इतकी वर्षं मी स्वतःला यापुढचं वेगळं सांगत आलो. मी बायकोला सांगितलं होतं की सरपंचानं एटापल्लीला बदली करण्याची धमकी दिली होती. यादीचं तिला कधीच सांगितलं नाही, पण सरपंचापुढे मी इतका मऊ का वागतो असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा हे सांगितलं. पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं. एटापल्ली, घनदाट जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, लहान मूल... कोण घाबरणार नाही?

पण मला कुणी धमकी दिली नव्हती. बदलीचा शब्दही निघाला नव्हता. सरपंच फक्त कपाटाबद्दल बोलले होते.

तीन वर्षं मी गावात वाचनालय व्हावं म्हणून अर्ज करत होतो. पंचायतीच्या मागची एक खोली मिळाली होती, आणि तिच्यात माझी स्वतःची चाळीस-पन्नास पुस्तकं एका लाकडी खोक्यात होती. वाळवी लागायची. मला लोखंडी कपाट हवं होतं. रात्री झोपताना मी त्याचा रंग ठरवायचो. हे तुम्हाला हास्यास्पद वाटेल. मला नाही वाटत. मला त्याची इतकी ओढ होती की समोर बहिणीचं नाव आणि खोटा अंगठा दिसत असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो — दोन खण म्हणजे किती पुस्तकं?

सरपंचाच्या शब्दावर माझा विश्वास बसला होता, असं लिहायला मला आवडेल. नव्हता बसला. नाव पक्कं झालं नसेल तर पुढे अंगठा कसा? मेलेल्या माणसानं जोडी कशी घेतली? मी शिक्षक होतो. मला वाचता येत होतं.

आणखी एक गोष्ट मला नंतर बऱ्याच वर्षांनी सुचली आणि ती मला अजून झोपू देत नाही. त्यांनी ती तीन नावं उगाच निवडली नव्हती. विचारायला येणार नाहीत अशी माणसं निवडली होती. एकाला भाषा नव्हती. एक जिवंत नव्हता. आणि तिसरीच्या वतीनं विचारणारा गावात एकच होता. त्याची किंमत किती, हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी झेंड्याखाली उभा राहून अकरा नावं वाचली. स्पष्ट, एकेक. बायका मागे बसल्या होत्या. बाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. अकरावं नाव झालं, मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "यादी संपली." ते दोन शब्द मला कुणी सांगितले नव्हते. ते माझे होते.

संध्याकाळी ती घरी आली. "बाबू, माहं नाव कुठी होतं रे? बायकाईत कल्ला होऊन राह्यला होता, मले आयकूच नाई आलं."

"या खेपेला नव्हतं, बाई."

"बरं," ती म्हणाली. "राहू दे मंग. पुढच्या खेपेले." आणि माझ्या मुलाला मांडीवर घेऊन बसली.

सोमवारी कपाट आलं. हिरवं होतं.

त्याच सुमारास गावात एक विनोद सुरू झाला. अनुदानाच्या जनावराच्या कानात पत्र्याचा बिल्ला ठोकतात, त्यावर नंबर असतो. सरपंचाकडे एक पांढरा बैल होता. त्याच्या कानाला तीन भोकं पडली होती. तपासणीला माणूस आला की एक बिल्ला, दुसऱ्यांदा दुसरा, तिसऱ्यांदा तिसरा. चहाच्या टपरीवर लोक उघड बोलायचे. "काऊन गा, सरपंचाच्या बैलाचं कान टोचणं झालं म्हनते?" "तीनदा झालं! आता नाकात नथ घालाची रायली." आणि सगळे हसायचे. मीही तिथं बसून हसलो आहे. त्या तीन भोकांपैकी एक माझ्या बहिणीच्या नावाचं होतं. तिची जोडी गावातून रोज हिंडत होती, एका भोकाच्या रूपात, आणि त्या बैलाकडे बघून बाई म्हणायची, "बिचाऱ्याचा कान दुखत असन."

बाईनं मे महिन्यात पुन्हा अर्ज करायचं ठरवलं. या वेळी स्वतः पंचायत समितीत गेली. संध्याकाळी परतली ती दारातूनच बोलत.

"तुमी तं घेतली जोडी, म्हनते तो कारकून. वरतून इचारते, बैलाईचं काय केलं, विकले का? ज्या बैलाले मी हात नाई लावला ते मी विकले!"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल ते मला माहीत आहे. घरात आम्ही दोघंच होतो. ती इतकी संतापली होती की माझ्यावर ओरडली असती, कदाचित एक थोबाडीत मारली असती, लहानपणी मारायची तशी. आणि मग आम्ही दोघं मिळून सरपंचाच्या दारात गेलो असतो. तिला भीती कशाचीच नव्हती. तसं झालं असतं तर आज मी हे लिहीत नसतो.

मी म्हणालो, "कार्यालयाची चूक झाली असेल."

"मंग तक्रार लिही," ती म्हणाली.

मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. कार्बन घालून दोन प्रती केल्या. ती समोर बसून सांगत होती आणि मी शुद्ध मराठीत उतरवत होतो. मग ती म्हणाली, "आन हे लिही. माह्या सख्ख्या भावानं यादी वाचली, मास्तर हाय तो, आन त्याच्यात माहं नाव नोहोतं. हे मोठं परमान हाय आपल्यापाशी."

माझी लेखणी थांबली. तिनं विचारलं, "काऊन थांबला?" मी म्हणालो, शब्द शोधतो आहे. आणि मी लिहिलं — 'ग्रामसभेत जाहीर वाचन झालेल्या यादीत अर्जदार महिलेचे नाव नव्हते.' माझं खोटं, माझ्या हातानं, तिच्या तोंडी. त्याखाली तिनं अंगठा उमटवला. शाई नीट उमटावी म्हणून दाबून धरला.

त्या एका वाक्यानं तिची तक्रार मारली. बाकी अर्जात खोटं काही नव्हतं. बैल मिळाले नाहीत, एवढंच लिहिलं असतं तर चौकशी करणाऱ्याला बैल शोधावे लागले असते.

चौकशीला विस्तार अधिकारी आले. जीपमधून आले, ग्रामपंचायतीत बसले. बाई, मी, सरपंच, ग्रामसेवक आणि दाराबाहेर पंधरा-वीस माणसं. अधिकाऱ्यांनी विचारलं, यादी लावली होती का? ग्रामसेवक उठला, त्यानं दार आतून लोटलं आणि बाजूला झाला.

"पाच महिने झाले साहेब, इथीच हाय."

चौदा नावं. कागद पिवळा पडला होता, पण चौदाही नावं स्वच्छ वाचता येत होती. अधिकाऱ्यांनी खालच्या नावावर बोट ठेवलं. "बाई, हे तुमचं नाव. हा तुमचा अंगठा. आणि तुम्ही अर्जात लिहिता की नाव नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचली ना? सगळी वाचली होती?"

मी म्हणालो, "जशी होती तशी वाचली."

आजपर्यंत मी जेवढं वाचलं, शिकवलं, लिहिलं, ते सगळं एका बाजूला ठेवलं तरी हे चार शब्द त्याहून जड आहेत. बंद दारामागे उजेड कमी होता. बाई माझ्याकडे बघत होती, एवढं मला दिसलं. मग ती अधिकाऱ्यांकडे वळली.

"साहेब, माह्यावालंच चुकलं असन. बायकाईत कल्ला होऊन राह्यला होता तवा. मले आयकू नाई आलं."

तिला कळलं होतं का? तिथं, त्या क्षणी? की भावाची नोकरी जाईल एवढीच तिला भीती वाटली? मला आजही माहीत नाही. पण तिनं स्वतःला खोटं ठरवून घेतलं आणि मी ते ठरवू दिलं. अधिकाऱ्यांनी लिहिलं, अर्जदाराने तक्रार मागे घेतली. पुन्हा खोटी तक्रार केली तर कारवाई होईल, असं बजावलं. बाईनं आणखी एक अंगठा लावला. सरपंचांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. तिच्यासाठीही. ती प्यायली नाही. मी प्यायलो.

त्यानंतर गावानं तिला सोडलं नाही. "भागरताबाई, तुमचे बैल चारा खातेत का कागद?" असं पाण्यावर, बाजारात, कुठंही. ती गप्प बसणारी नव्हती. "कागदच खातेत गा. शेण मात्र सरपंचाच्या गोठ्यात टाकतेत." लोक हसायचे आणि तीही हसायची. पण बैलांशिवाय आणखी एक रोवणी तिला झेपणार नव्हती. दोन वर्षांत तिनं बांधी बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिली. पुढच्या पावसाळ्यात ती आपल्याच बांधीत मजुरीनं रोवणीला उभी राहिली. चिखलणीला बटईदारानं सरपंचाची जोडी आणली होती. मी धुऱ्यावर होतो, शाळेतून जाताना थांबलो होतो. बाईनं परे खाली ठेवले, चिखलातून चालत त्या पांढऱ्या बैलाजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आले का गा माहे बैल! लय दिस लावले."

सगळ्या बायका हसल्या. मी सायकलवर बसून निघून गेलो.

तिनं मला त्यानंतर कधी काही वाचायला सांगितलं नाही. साबणाचं वेष्टन नाही, रेशनकार्ड नाही, पोस्टानं आलेला कागद नाही. माझ्या घरी यायची, जेवायची, मुलांना गोष्टी सांगायची. वाचनालयात दर आठवड्याला येऊन ते हिरवं कपाट फडक्यानं पुसायची, भावाचं आहे म्हणून. पण कागद आला की तो घेऊन अंगणवाडीच्या बाईंकडे जायची. आणि पन्नाशीच्या आत-बाहेर असताना त्यांच्याकडूनच, माझ्याकडून नाही, आपलं नाव लिहायला शिकली. त्यानंतर तिनं कुठंही अंगठा लावला नाही. गावाला वाचायला शिकवणारा मास्तर म्हणून जिल्ह्याच्या गावी माझा सत्कार झाला, तेव्हा ती पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होती.

हल्ली अशा याद्या मोबाइलवर दिसतात म्हणे. कुणाला काय मिळालं ते कुणीही बोटानं सरकवून पाहू शकतो. दिसत असतील, आणि चांगलंच आहे. पण जे तेव्हा झालं त्याचं काय? ती गेल्यावर मी ती जुनी यादी मागायला गेलो. पंचायतीत म्हणाले, तालुक्याला विचारा. तालुक्याला म्हणाले, त्या वर्षांचे कागद जिल्हा तुटला तेव्हाच्या गोंधळातले, चंद्रपूरला असतील. चंद्रपूरला एका भल्या कारकुनानं खूप शोधून सांगितलं की मुदत संपलेल्या फायली नष्ट केल्या. नियमानं. पुन्हा नियम! खोटी यादी नियमानं लावली, नियमानं वाचली, नियमानं तपासली आणि नियमानं जाळली. लोकांचा पैसा, लोकांची नावं, आणि कागद कधीच लोकांचा नव्हता. त्या तिन्ही माणसांना सरकारच्या लेखी बैल मिळाले, आणि ते खोडायला आता कागदसुद्धा नाही. सरपंच सुखानं म्हातारे होऊन गेले. ग्रामसेवकाला बढती मिळाली. मी त्यांच्यावर चिडतो, खूप चिडतो. पण त्यांनी मला ओळखायला चूक केली नव्हती. बाईनं केली.

शेवटचे नऊ दिवस ती जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. मी तिच्याजवळ राहिलो. बोलणं कमी झालं होतं, पण शुद्ध होती. आठव्या दिवशी दुपारी शेजारची खाट रिकामी झाली होती, नर्स जेवायला गेली होती. बाईनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, काही सांगाचं रायलं असन तं सांगून टाक. मंग मी झोपते."

सरपंच नव्हते. साहेब नव्हते. दार उघडं होतं आणि बाहेर ओसरीत कुणी नव्हतं. नोकरी संपून कित्येक वर्षं झाली होती. ती आणि मी. भ्यावं असं त्या खोलीत काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "काही नाही, बाई. झोप."